बगळ्यासमोरची रिकामी जागा

आत्यासाठी त्या घरात इतकी ओढाताण कधीच झाली नव्हती. ज्या बाईला चहा हवा का, हे विचारायचं वर्षानुवर्षं कुणाला सुचलं नाही, तिच्यापुढं आज दोन कप येऊन थांबले होते. एक थोरल्या भाच्याच्या बायकोनं आणलेला, दुसरा मधल्या भाचीनं. आत्यानं दोन्हींकडं पाहिलं आणि डाव्या हाताला जो होता तो उचलला. ती पहिल्यापासून डावरी. तो कप मधलीचा निघाला आणि थोरलीचा चेहरा पडला.

आत्याच्या भावाला, अण्णांना, जाऊन थोडेच दिवस झाले होते. खालच्या दुकानाची पाटी उतरवून भिंतीला टेकवून ठेवली होती. चांदीच्या भांड्यांवर नावं आणि नक्षी कोरून देण्याचं ते दुकान आजोबांनी सुरू केलं, अण्णांनी चालवलं आणि त्यांच्या धाकट्या मुलानं कसंबसं ओढत आणलं. इमारतीच्या नव्या मालकाला आता किल्ल्या हव्या होत्या. तिघा भावंडांना आपापली घरं होती. दुकानामागच्या खोलीत अख्खा जन्म काढलेल्या आत्याला मात्र कुठंच घर नव्हतं.

अण्णा आपल्या पोरांना पुरते ओळखून होते. शेवटच्या दुखण्यात तिघांना पलंगाशी बोलावून ते म्हणाले होते, "बगळ्यांचा सेट फोडायचा नाही. जो माझ्या बहिणीला नेईल, त्याचा तो सेट." गाड्याबरोबर नळ्याला यात्रा घडते, तशी चांदीबरोबर बहिणीचीही सोय लागेल, असा त्यांचा हिशेब होता. आणि आतापर्यंत तरी तो बरोबर चालला होता.

सेट टेबलावर मांडलेला होता. किटली, साखरदाणी, दुधाचं भांडं आणि खाली तबक. राणी व्हिक्टोरियाच्या काळातला, पण नक्षी जपानी धाटणीची. किटलीची मूठ बांबूच्या पेरांसारखी घडवलेली, झाकणावर चांदीचं लहानसं फूल, आणि पोटावर समोरासमोर उभे दोन बगळे. किटलीच्या मुठीचा सांधा उसवला म्हणून कुणी गिऱ्हाईक आजोबांकडं तो देऊन गेलं आणि परत आलंच नाही. आजोबांनी पुष्कळ वर्षं वाट पाहिली, मग सेट स्वतःच्या कपाटात ठेवला. डावा बगळा मूळचा आणि उजवा आजोबांनी कोरलेला, हे घरातल्या सगळ्यांना पाठ होतं. पाहुण्यांना दोन्ही दाखवून 'ओळखा पाहू आमचा कोणता' असं विचारायची त्या घराची जुनी खोड होती, आणि आजवर कुणालाही ओळखता आलं नव्हतं.

"आमच्याकडच्या त्या खोलीला सकाळचं ऊन येतं, आत्या," थोरली म्हणाली. "तुमच्या गुडघ्यांना ऊन हवंच. पडदेसुद्धा नवे लावलेत मी."

"माझ्याकडं लिफ्ट आहे," मधली म्हणाली. ती शाळेत मुख्याध्यापिका होती आणि तिची वाक्यं शाळेच्या घंटेसारखी संपायची. "आणि घरात मी एकटी. आत्याला सोबत, मला सोबत."

"मास्तरीणबाई," थोरला सोफ्यावरून म्हणाला, "ती लिफ्ट महिन्यातनं किती दिवस चालते, तेही सांगा की."

"तुझ्या खोलीत आधी तुझा व्यायामाचा सायकलघोडा आहे, तो कुठं जाणार ते तू सांग."

थोरली आपल्या नवऱ्याकडं बघत नव्हती. तो सायकलघोडा तिनं कालच माळ्यावर चढवून घेतला होता आणि त्यात तिची कंबर धरली होती. खोटं बोलत होती असंही नाही. तिला आत्याचा राग नव्हता. लग्न होऊन आली तेव्हा या घरात तिच्याशी पहिल्यांदा नीट बोलली ती आत्याच. पण आत्या एकटी आली असती, तर सायकलघोडा खोलीतच राहिला असता, हेही तिला माहीत होतं. ते स्वतःशी कबूल करायची वेळ येऊ नये म्हणून ती सारखी पडद्यांबद्दल बोलत होती.

धाकटा खिडकीशी उभा होता. तो या चढाओढीत नव्हता. चौथ्या मजल्यावर भाड्याची एक खोली, लिफ्ट नाही, आणि आत्याला दुकानाच्या तीन पायऱ्यांवरसुद्धा कुणाचा तरी खांदा लागायचा. आत्यानं त्याच्याकडं एकदा पाहिलं. त्यानं नजर खाली रस्त्यावर नेली.

"आले ते," तो म्हणाला.

*

जुन्या चांदीचा पारखी हळू बोलणारा माणूस होता. दवाखान्यात नातेवाइकांशी बोलतात तसं तो बोलायचा. थोरल्यानंच त्याला बोलावलं होतं, 'नुसतं बघायला, विकायचं असं नाही' असं सांगून. पारख्यानं हातमोजे घातले, किटली उचलून उजेडाकडं धरली, खालचे शिक्के पाहिले आणि समाधानानं मान हलवली. थोरलीनं श्वास सोडला.

आत्या कोपऱ्यातल्या खुर्चीत होती. आपण इथं बसलोय हे तो माणूस विसरलाय, हे तिच्या लक्षात आलं. तिला त्याचं काही वाटलं नाही. लोक विसरतात तेव्हा त्यांच्याकडं नीट बघता येतं. त्याचे हात चांगले होते. वस्तूला घाबरत नव्हते.

"सुंदर," तो म्हणाला. "जपानचे पंखे, छापील चित्रं पहिल्यांदा बाजारात आली ना, तेव्हा इंग्रज कारागीर वेडे झाले होते. तोवर ते चांदीचा बोटभर तुकडासुद्धा मोकळा सोडायचे नाहीत. वेली, फुलं, फळं, सगळं खच्चून भरायचे. मग त्यांनी ही चित्रं बघितली. एका बाजूला पक्षी, आणि बाकी काही नाही. नुसती जागा." त्यानं किटली फिरवली. भिंग डोळ्याला लावलं. मग बोलणं अर्ध्यावर टाकून तो उजव्या बगळ्यावर वाकला.

"हा दुसरा पक्षी कुणी काढला?"

"आमच्या आजोबांनी," थोरला अभिमानानं म्हणाला. "ओळखलंत तुम्ही? आजवर कुणी ओळखलं नव्हतं."

"हात फार तयारीचा आहे," पारखी म्हणाला. "म्हणूनच जास्त वाईट वाटतं."

"म्हणजे?"

पारख्यानं किटली टेबलावर ठेवली आणि हातमोजे काढले. "हा मूळचा क्रौंच आहे ना—"

"बगळा," मधली म्हणाली.

"बरं, बगळा. हा समोर बघतोय. समोर काही नव्हतं. या कामात खरी किंमत त्या 'काही नव्हतं'ची असते. तुमच्या आजोबांना वाटलं असणार, कुणीतरी काम अर्धवट सोडलंय."

ते अगदी बरोबर होतं. त्या दुकानाचा नियमच तो होता. रिकामी जागा दिसली की भरायची. नावानं कप भरला नाही तर वेल, वेलीनं भरला नाही तर ठिपके. मोकळी जागा ठेवून गिऱ्हाइकाला माल देणं म्हणजे चोरी, असं आजोबा म्हणायचे. शिकाऊ पोरांचे कान त्यासाठी पिळले जायचे. इथल्या माणसानं नाही तर ही चूक दुसऱ्या कुणी केली असती?

"मग आता?" थोरल्यानं विचारलं.

"आता ही घरात वापरायला चांगली वस्तू आहे. संग्रह करणारे हिला हात लावणार नाहीत." त्यानं जरा घुटमळत पुढं म्हटलं, "काही जण तो पक्षी घासून काढतात. पुसलेली जागा चालते त्यांना, भरलेली चालत नाही. घेणारे लोक विचित्र असतात. पण मी तसं करा म्हणणार नाही. चांदी तिथं पातळ होते, ती परत येत नाही."

आत्याच्या हातातला कप रिकामा झाला होता. तरी तिनं तो तोंडाला लावला.

*

पारखी गेल्यावर कुणी दिवा लावला नाही. संध्याकाळ व्हायला आली होती आणि खोलीत एक करडा उजेड होता.

"तसं," थोरली म्हणाली, "त्या खोलीत ऊन जरा जास्तच येतं. उन्हाळ्यात अगदी भाजून निघतं."

"आमची लिफ्ट..." मधलीनं सुरुवात केली आणि ती थांबली. खिडकीशी धाकटा हसला होता. मोठ्यानं नाही, पण ऐकू येईल इतपत.

मधलीला त्या हसण्यानं चटका बसला. शाळेत ती पोरांना खोटं बोलल्याबद्दल वर्गाबाहेर उभं करायची. आपल्याला आत्या खरंच हवी होती, अशी तिची समजूत होती. रात्रीच्या जेवणाला समोर कुणीतरी बसेल, असं तिनं मनात रंगवलंही होतं. पण पारखी बोलायचा थांबला, त्या क्षणी तिला पहिल्यांदा दिसलं होतं ते आत्याचं रात्री उठणं, औषधं, न्हाणीघरातली घसरण. सेट तोच होता, आत्या तीच होती. बदललं काय, तर एका परक्या माणसानं सेटला किंमत नाही म्हटलं. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटूनही तोंडातून आलं ते वेगळंच.

"हल्ली चांगल्या जागा असतात. डॉक्टर असतो, त्यांच्या वयाची माणसं असतात. आपण तिघांनी मिळून बघायचं."

"मी तेच म्हणणार होते," थोरली म्हणाली. सकाळपासून एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या दोघी आता एका सोफ्यावर बसल्या होत्या.

"आत्या, तुला काय वाटतं?" धाकट्यानं विचारलं.

"मला काय वाटायचंय," आत्या म्हणाली. "दिवा लावा कुणीतरी. किटलीवर बोटांचे डाग पडलेत, ते पुसायला हवेत."

थोरल्यानं धाकट्याला खांद्याला धरून बाहेर जिन्यावर नेलं.

"तो म्हणाला, पुसता येतं."

"तो म्हणाला, करू नका."

"अरे, आजोबांनी चूक केली, नातवानं ती दुरुस्त केली. बिघडलं कुठं?"

"दादा, आजोबांचं उतारवयातलं काम आहे ते. अण्णा काय म्हणायचे? हात कापायला लागले आणि काम उलट नाजूक झालं. तसं काम नंतर कुणालाच जमलं नाही, मलासुद्धा नाही. आणि ते मी घासून काढू?"

थोरला वाईट माणूस नव्हता. त्याची गोदामं होती, तो वस्तूंकडं त्या कुठं ठेवायच्या या नजरेनं बघायचा. "हे बघ," तो आवाज खाली आणून म्हणाला, "बायकोचं मन मी ओळखतो. सेट चांगला झाला की ती आत्याला नेईल. नाही झाला तर मला रोज भांडण करून तिला ठेवावं लागेल, आणि ते मला झेपणार नाही. मी सरळ सांगतो. नाहीतर तू नेतोस?"

धाकटा जिन्याच्या पायऱ्यांकडं बघू लागला.

"चार जिने," थोरला म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "मग पूस. मी शब्द देतो. आत्या आमच्याकडं."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात धाकटा आणि आत्या दोघंच होती. हत्यारं खोक्यांत भरून झाली होती, फक्त एक बाक उरला होता. किटली न हलावी म्हणून त्यानं ती वाळूच्या उशीवर टेकवली. आत्या शेजारच्या स्टुलावर बसली होती. ती आयुष्यभर याच स्टुलावर बसून भांड्यांना ओप द्यायची. कोरायचं काम पुरुषांचं आणि चमकवायचं आत्याचं, अशी दुकानाची वाटणी होती.

त्यानं बारीक दगडाची कांडी पाण्यात भिजवली, भिंग डोळ्याला लावलं, आणि सुरुवात कुठून करावी म्हणून उजव्या बगळ्याच्या पंखावर वाकला.

हा बगळा त्यानं लहानपणापासून पाहिला होता, पण पुसण्यासाठी कधी पाहिला नव्हता. पुसायचं म्हणजे सगळ्यात उथळ रेघ कुठं संपते ते आधी शोधावं लागतं. कोरताना कलम उजव्या हातात असलं की ते डावीकडं ढकललं जातं, आणि रेघ सुटते तिथं डाव्या टोकाला केसाएवढी शेपटी राहते. डाव्या बगळ्याच्या प्रत्येक पिसाची शेपटी डावीकडं होती. उजव्याची उजवीकडं. त्यात नवल काही नाही, असं त्याला आधी वाटलं; पक्षी समोरासमोर आहेत, पिसं उलटी पडणारच. मग त्यानं खाली त्याच बगळ्याच्या पायाशी पाहिलं. पाण्याच्या आडव्या रेघा होत्या. पाणी काही कुणाकडं तोंड करून नसतं. त्या रेघासुद्धा उजवीकडं सुटलेल्या होत्या.

आजोबा उजवे होते. अण्णा उजवे होते. तो स्वतः उजवा होता.

त्यानं भिंग काढलं. आत्या मांडीवरच्या फडक्याची घडी घालत होती, डाव्या हातानं.

"आत्या, हे तू कोरलंयस."

"दगड वाळतोय. पाणी लाव."

"हे तू कोरलंयस. आणि त्या काळातलं बाकीचं? बक्षिसांचे ते कप? आजोबांच्या उतारवयातलं सगळं?"

"त्यांचा हात थरथरायचा," ती म्हणाली. "दुकान चालायला हवं होतं. खालचं शटर ओढलं की मी बसायचे. गिऱ्हाइकाला काय, काम झाल्याशी मतलब."

"आणि अण्णांना माहीत होतं?"

"तुझ्या बापाला सगळं माहीत असायचं. त्यानं कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मग सांगावं लागलं असतं ना बाहेर."

याच बाकावर धाकटा वर्षानुवर्षं आजोबांच्या हाताची नक्कल करायला धडपडला होता, आणि तो हात शेजारच्या स्टुलावर बसून त्याच्यासाठी भांडी पुसत होता. त्याचं बिघडलं की ती म्हणायची, 'आजोबा मनगट नाही, कोपर फिरवायचे.' तिला कसं माहीत, हे त्याच्या कधी डोक्यात आलं नाही. तो कांडी खाली ठेवून उठला.

"वर जाऊन सांगतो सगळ्यांना. हे पुसायचं नाही."

"बस खाली."

"आत्या—"

"बस म्हणते ना. काय सांगशील? आत्ता ते तुझ्या आजोबांना नावं ठेवतायत. ठेवू देत, त्यांना आता काही लागत नाही. तू सांगितलंस की होईल काय? सेट आत्यानं बिघडवला असं होईल. मग मला कोण नेणार आहे रे?"

त्यानं वर जाणाऱ्या दाराकडं पाहिलं.

"मी नेतो," तो शेवटी म्हणाला.

"चार जिने?"

"उचलून नेईन."

"नेशील. एकदा नेशील. मग मी वर, आणि खाली यायचं ते थेट चौघांच्या खांद्यावर." ती हसली. तिचे दात चांगले होते अजून. "मला रस्ता बघायला आवडतो. थोरलीच्या त्या खोलीला खिडकी आहे, खाली रस्ता आहे. ऊन येतं म्हणाली."

"आणि सेट विकून टाकला त्यांनी, की मग?"

"तोवर मी तिथं बसलेली असेन. बसलेल्या म्हातारीला ऊठ म्हणायला छाती लागते. दादा लहानपणापासून भित्रा आहे."

तो खाली बसला. त्याला वाईट वाटत होतं, पण त्याखाली आणखी एक गोष्ट होती आणि ती त्याला जास्त सलत होती. आत्यानं 'नको' म्हटल्यावर त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं.

"एक सांग," तो कांडी पुन्हा भिजवत म्हणाला. "आजोबांनी सांगितलं म्हणून काढलास?"

"ते म्हणाले, कुणीतरी अर्धवट सोडलंय, वेलबुट्टीनं भरून टाक." तिनं फडक्याची घडी उलगडली. "मी वेल काढली नाही. तो एकटाच उभा होता, मला बघवेना. तेव्हा मी लहान होते. आपल्यासमोर कुणीतरी येऊन उभं राहतंच, असं वाटायचं वय होतं."

त्यानं पंखापासून सुरुवात केली. दगड गोल फिरत होता आणि पाण्यात करडा गाळ उतरत होता. आत्या मधे मधे सांगत होती: जोर देऊ नकोस, एकाच जागी थांबू नकोस, खड्डा पडेल. पंख गेला, मान गेली, पाणी गेलं. पाय उरले ते वेताच्या काड्यांसारखे दिसत होते, मग तेही गेले. शेवटी डोळा राहिला. तो एकच ठिपका होता, पण सगळ्यांत खोल होता, आणि धाकट्याला तो जाता जाईना.

"आण इकडं," आत्या म्हणाली. तिनं कांडी डाव्या हातात घेतली, कोपर फिरवलं आणि डोळा काढून टाकला. मग फडक्यानं, लाल पूड लावून, नेहमीसारखा ओप दिला.

*

निघताना थोरलीनं किटली उजेडात फिरवून पाहिली. "बाई, आता कसं मोकळं मोकळं वाटतंय," ती म्हणाली आणि मनापासून म्हणाली. मग तिनं आत्याला हात धरून गाडीत बसवलं, पायांवर शाल टाकली. मधलीनं खिडकीतून आत वाकून, दर रविवारी येईन, असं सांगितलं. थोरल्यानं तबक आणि बाकीची भांडी मागं नीट बांधली. किटलीला मात्र खोकं पुरलं नाही.

"माझ्याकडं द्या," आत्या म्हणाली. "मी धरते."

धाकटा दुकानाच्या पायरीवर उभा होता. त्याला काहीतरी म्हणायचं होतं, पण गाडी सुरू झाली आणि त्यानं नुसता हात वर केला.

आत्यानं किटली मांडीवर घेतली. बगळा आता एकटा होता आणि समोर बघत होता. त्याच्या समोरच्या लखलखीत जागेत तिला स्वतःचा चेहरा दिसला, जरा पसरट. तिनं तिथं डावा अंगठा ठेवला आणि हलकेच दाबून पाहिलं. चांदी तिथं खरंच पातळ झाली होती. ती अंगठ्याखाली किंचित आत गेली, आणि बाहेर आली.

"आत्या, ऊन लागतंय का? पडदा ओढू?" पुढून थोरलीनं विचारलं.

"राहू दे," आत्या म्हणाली आणि अंगठा काढून घेतला. पुन्हा दाबलं असतं, तर चांदी बाहेर आली असती की नाही, याची तिला खात्री नव्हती.